मोटारगाडीतील इशारादर्शक दिवे

मोटारगाडीतील इशारादर्शक दिवे : मोटारगाडीच्या चालकासमोरील फलकावर बसविलेले व विद्युत् पुरवठा, वंगण, शीतन, ब्रेक इ. यंत्रणांतील बिघाडाची सूचना देणारे लहान दिवे. मापक हे साधन राशीचे मूल्य दाखविते, तर इशारादर्शक दिवा ते मूल्य ठरावीक मर्यादेच्या आत आहे की बाहेर, एवढेच सांगतो. तो पेटला असता काहीतरी बिघडले आहे, हे चालकास कळते. परंतु तो पेटला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे मात्र निश्चित म्हणता येत नाही. दिवा, त्याची तार किंवा त्यास चालू-बंद करणारा स्विच यांपैकी काहीही निकामी झाल्यास दिवा विझलेलाच राहतो. या दिव्यांचा इतिहास म्हणजे मुख्यत्वे हा दोष ओळखण्याचा व दूर करण्याचा इतिहास होय. जुन्या, जतन केलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीतही याच गोष्टीला महत्त्व असते.

पूर्वपीठिका : डॅशबोर्ड हा शब्द मूळचा घोडागाडीचा आहे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडविण्यासाठी गाडीवानापुढे जी फळी बसवीत, तिला हे नाव होते. आरंभीच्या मोटारगाड्यांत या फळीवर फारशी उपकरणे नसत. काही गाड्यांत वंगण तेल थेंबाथेंबाने पडताना दिसावे म्हणून तेथे काचेच्या नळ्या बसविलेल्या असत. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीत एंजिनाच्या तळाशी दोन लहान तोट्या असत. वरच्या तोटीतून तेल न येता खालच्या तोटीतून आले, तर तेलाची पातळी योग्य आहे, असे समजले जाई. पेट्रोल किती उरले, हे आसनाखालच्या टाकीत काठी बुडवून पाहावे लागे. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर हा तापमापक लोकप्रिय झाला. तो रेडिएटरच्या झाकणावर बसवीत आणि चालकाला तो काचेतून समोर दिसत असे.

चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा प्रारंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि बॅटरी व ती भारित करणारा डायनामो हे मोटारगाडीचे आवश्यक भाग बनले. बॅटरीतून प्रवाह बाहेर जातो आहे की आत येतो आहे, हे समजण्यासाठी फलकावर अँमीटर बसविण्यात येऊ लागला. फोर्ड मॉडेल ए (१९२७–३१) या गाडीच्या फलकावर वेगमापक व इंधनमापक यांच्या जोडीला अँमीटर होता. या काळातील चालकाकडून मापक वाचण्याची व त्याचा अर्थ लावण्याची अपेक्षा असे. वंगणाचा दाब हळूहळू उतरत गेल्यास काट्याच्या हालचालीवरून त्याच्या ते वेळीच लक्षात येई. मात्र त्यासाठी काट्याकडे त्याचे लक्ष असावे लागे.

मापकाकडून दिव्याकडे : १९३०–४० या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने आपल्या गाड्यांत वंगणाचा दाब व बॅटरीचे भारण यांसाठी मापकांऐवजी दिवे वापरले. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० नंतरच्या दशकात, ही पद्धत बहुसंख्य कंपन्यांनी स्वीकारली. यामागे दोन कारणे होती. पहिले कारण खर्चाचे होते : मापकास अचूक संवेदक व नाजूक काटा लागतो, दिव्यास मात्र एक साधा स्विच, एक तार व एक बल्ब पुरतो. दुसरे कारण चालकाविषयीचे होते. यंत्राची माहिती नसलेले असंख्य लोक गाडी चालवू लागले होते आणि त्यांचे लक्ष काट्यापेक्षा लाल दिव्याने अधिक लवकर वेधले जाई. यंत्राची जाण असलेल्या चालकांना मात्र ही पद्धत रुचली नाही व अमेरिकेत या दिव्यांना ‘मूर्खांचे दिवे’ असे उपहासाने म्हटले जाऊ लागले. या टीकेत तथ्य होते. चालत्या एंजिनात वंगणाचा दाब सामान्यतः दर चौ. सेंमी.ला ३ ते ४ किग्रॅ. असतो, तर दिवा पेटविणारा स्विच हा दाब सु. ०·३ ते ०·५ किग्रॅ.पर्यंत उतरल्यावरच मिटतो. या दोन मूल्यांच्या दरम्यान दाब कितीही घटला, तरी दिवा काहीच सांगत नाही.

दिव्याचा अर्थ त्या गाडीच्या रचनेवर कसा अवलंबून असतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन बीटल ही गाडी होय. जर्मनीतील व्होल्फ्सबुर्क येथे युद्धानंतर मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलेल्या व मेक्सिकोत २००३ पर्यंत उत्पादन चालू राहिलेल्या या गाडीचे एंजिन पाण्याने नव्हे, तर हवेने थंड होते. हवा फेकणारा पंखा डायनामोच्याच दंडावर बसविलेला असल्याने एकाच पट्ट्याने दोन्ही फिरतात. त्यामुळे चालू गाडीत डायनामोचा लाल दिवा पेटला, तर केवळ बॅटरी भारित होत नाही एवढाच त्याचा अर्थ नसतो. पट्टा तुटून एंजिनाचे शीतनही थांबलेले असण्याचा संभव असतो. अन्य गाड्यांत असा दिवा पेटल्यावर जवळच्या गावापर्यंत पोहोचणे बहुधा शक्य असते. बीटलमध्ये मात्र गाडी तत्काळ थांबवून पट्टा पाहावा लागतो. याच गाडीत वंगणाचा दिवा अनेक वर्षे हिरव्या रंगाचा होता. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सावधगिरी आणि हिरवा किंवा निळा म्हणजे साधन चालू असल्याची खूण, हा आज सर्वपरिचित असलेला संकेत त्या काळी सर्वत्र पाळला जात नसे. म्हणून जुन्या गाडीत रंगावरून अर्थ न लावता तिची माहितीपुस्तिका पाहणे इष्ट ठरते.

भारणदर्शक दिवा : डायनामो असलेल्या गाडीत या दिव्याचे एक टोक किल्लीच्या स्विचमार्फत बॅटरीला व दुसरे डायनामोच्या मुख्य अग्राला जोडलेले असते. किल्ली फिरविल्यावर डायनामो स्थिर असल्याने बॅटरीतील प्रवाह दिव्यातून डायनामोमार्गे गाडीच्या सांगाड्यात जातो व दिवा पेटतो. एंजिन चालू होऊन डायनामोचा विद्युत् दाब वाढला की, दिव्याच्या दोन्ही टोकांचा दाब समान होतो आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा दोन दाबांतील फरक दाखवितो. हे तत्त्व लक्षात घेतल्यास त्याच्या बहुतेक लक्षणांचा उलगडा होतो.

एंजिन अगदी मंद गतीने चालताना दिवा लुकलुकणे हे डायनामोच्या बाबतीत स्वाभाविक असते, कारण त्या गतीला त्याचा दाब बॅटरीपेक्षा कमी असतो. गती वाढवूनही दिवा विझत नसेल, तर प्रथम पट्टा सैल किंवा तुटलेला आहे का हे पाहतात व त्यानंतर डायनामोतील कार्बनचे ब्रश झिजले आहेत का हे तपासतात. दिवा कमी गतीला विझून गती वाढताच पुन्हा मंदपणे पेटत असेल, तर डायनामो ठीक असून त्याचा प्रवाह बॅटरीपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ होतो. डायनामो व बॅटरी यांना जोडणारा कट-आउट हा विद्युत् चुंबकीय स्विच मिटत नसल्याचे किंवा त्यापुढील तार तुटल्याचे ते लक्षण असते.

ब्रिटिश गाड्यांत सर्रास आढळणाऱ्या ल्यूकस बनावटीच्या डायनामोसाठी एक सोपी कसोटी प्रचारात होती. डायनामोवरील दोन्ही तारा काढून त्याची दोन अग्रे एकमेकांस जोडतात व ती आणि सांगाडा यांच्या दरम्यान व्होल्टमापक लावतात. एंजिनाची गती सावकाश वाढविली असता मापकाचा काटा झपाट्याने चढला पाहिजे. मात्र तो २० व्होल्टच्या पुढे जाऊ देत नाहीत. काटा मुळीच हलला नाही, तर ब्रश तपासतात. दाब अर्ध्या ते एक व्होल्टपाशी अडकल्यास चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्यांत आणि चार-पाच व्होल्टपाशी अडकल्यास फिरत्या भागाच्या वेटोळ्यांत दोष असण्याचा संभव असतो. १९६५ च्या आधीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असे. त्यामुळे मापक लावण्यापूर्वी बॅटरीची जोडणी पाहून घेणे आवश्यक असते.

सर्वांत धोकादायक लक्षण मात्र दिवा न पेटण्याचे असते. किल्ली फिरवूनही भारणदर्शक दिवा पेटला नाही, तर बल्ब गेला असावा असे समजून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. कट-आउटचे संपर्क वितळून एकमेकांस चिकटले असतील, तर एंजिन बंद असतानाही डायनामो बॅटरीला जोडलेला राहतो. अशा वेळी दिव्याच्या दोन्ही टोकांशी बॅटरीचाच दाब असतो, म्हणून तो पेटत नाही. आणि त्याच वेळी बॅटरीचा मोठा प्रवाह डायनामोत जाऊन वेटोळी तापत असतात. अशी शंका आल्यास आधी बॅटरीची तार सोडवितात व मग शोध घेतात.

क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर हे प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करणारे जनित्र वापरले. त्यातील प्रवाह अर्धसंवाहक डायोडांच्या साहाय्याने एकदिश केला जातो. एंजिन मंद गतीने चालतानाही ते बॅटरी भारित करू शकत असल्याने थोड्याच वर्षांत डायनामो मागे पडला. या बदलाबरोबर दिव्याचे कार्यही बदलले. अनेक अल्टरनेटरांत चुंबकीय क्षेत्र निर्माण होण्यासाठी लागणारा आरंभीचा अल्प प्रवाह या दिव्यातूनच पुरविला जातो. १२ व्होल्ट व २·२ वॉटच्या नेहमीच्या बल्बमधून सु. ०·१८ अँपिअर प्रवाह वाहतो व तो पुरेसा असतो. बल्ब गेल्यास अल्टरनेटर सुस्थितीत असूनही भारण सुरू न होण्याचा संभव असतो. मूळ बल्बच्या जागी अल्प प्रवाहावर चालणारा एलईडी दिवा बसविल्यावरही हीच अडचण येते. ती दूर करण्यासाठी दिव्याला समांतर असा रोधक जोडावा लागतो. एंजिन चालू असताना दिवा मंद पेटत राहणे किंवा किल्ली काढल्यावरही पेटलेला राहणे, ही बहुधा डायोड निकामी झाल्याची लक्षणे होत.

वंगणदाबदर्शक दिवा : एंजिनाच्या वंगण मार्गात बसविलेल्या स्विचमध्ये एक लवचिक पडदा व स्प्रिंग असते. दाब नसताना स्प्रिंगमुळे संपर्क मिटलेला राहतो व दिवा पेटतो. दाब आल्यावर पडदा उचलला जाऊन संपर्क सुटतो. चालू गाडीत हा दिवा पेटल्यास एंजिन ताबडतोब बंद करणे हा नियम निरपवाद आहे. भुजादंड व त्याचे धारवे म्हणजेच बेअरिंगे यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो नाहीसा झाल्यास धातूवर धातू घासून थोड्याच वेळात एंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

एंजिन बंद करून प्रथम पट्टीने तेलाची पातळी पाहतात. ती योग्य असल्यास किल्ली चालू ठेवून स्विचवरील तार काढतात. तरीही दिवा पेटलेलाच राहिला, तर तारेचे वेष्टन घासून ती कोठेतरी सांगाड्याला टेकलेली असते. दिवा विझला, तर तार ठीक असून स्विच सदोष आहे किंवा दाब खरोखरच कमी आहे, असे ठरते. या दोहोंतील निवाडा अंदाजाने न करता स्विचच्या जागी यांत्रिक दाबमापक बसवून करतात. स्विच स्वस्त असल्याने तो बदलून पाहण्याचा मोह होतो. परंतु दाब खरोखर कमी असेल, तर ही काटकसर महागात पडते. एंजिन तापल्यावर मंद गतीतच दिवा लुकलुकत असेल, तर तेल पातळ झाले आहे किंवा धारवे झिजले आहेत, असा संशय घेतात. याउलट, किल्ली फिरविल्यावर दिवा पेटतच नसेल, तर स्विचवरील तार काढून क्षणभर एंजिनाच्या धातूला टेकवितात. दिवा पेटल्यास स्विच किंवा त्याचा एंजिनाशी असलेला संपर्क सदोष असतो. न पेटल्यास बल्ब, फ्यूज किंवा तार तपासावी लागते.

तापमानदर्शक दिवा : १९६०–७० या दशकातील अनेक अमेरिकी गाड्यांत तापमानासाठी दोन दिवे असत. त्यांपैकी एक एंजिन थंड असेपर्यंत व दुसरा ते अतितप्त झाल्यावर पेटे. यातील संवेदक शीतक पाण्यात बुडालेला असणे गृहीत धरलेले असते. नळी फुटून सर्व पाणी वाहून गेल्यास संवेदकाभोवती केवळ हवा किंवा वाफ उरते आणि एंजिन तापत असतानाही दिवा न पेटण्याची शक्यता असते. जेथे पाण्याचा पंप व डायनामो एकाच पट्ट्याने फिरतात, तेथे भारणदर्शक व तापमानदर्शक असे दोन्ही दिवे पेटल्यास पट्टा तुटल्याचे अनुमान करता येते. भारण व वंगण या दोहोंचे दिवे एकदम पेटले, तर एंजिन बंद पडले आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. एक साधन चालू करताच भलतेच दिवे मंद पेटू लागले, तर फलकाचा सांगाड्याशी असलेला जोड गंजला किंवा सैल झाला आहे, असे समजून तो प्रथम साफ करतात.

ब्रेकचा दिवा : जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना तेलाचा एकच मार्ग असे व तो फुटल्यास पायाचा ब्रेक पूर्णपणे निकामी होई. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या संघीय सुरक्षा मानकाने प्रवासी गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग आणि त्यांपैकी एकातील दाब गेल्यास पेटणारा दिवा आवश्यक ठरविला. यासाठी दोन मार्गांच्या मध्ये एक लहान दट्ट्या बसवितात. दोन्हींकडील दाब समान असेपर्यंत तो मध्यावर राहतो. एका बाजूचा दाब गेल्यास तो त्या बाजूला सरकून स्विच मिटवितो. गळती दुरुस्त केल्यावरही हा दट्ट्या कडेलाच अडकून राहू शकतो व दिवा पेटलेला राहतो. अशा वेळी त्यास पुन्हा मध्यावर आणावे लागते.

भारण व वंगण यांचे दिवे एंजिन सुरू होण्यापूर्वी आपोआपच पेटत असल्याने त्यांची रोज परीक्षा होते. ब्रेकचा दिवा मात्र संकटाखेरीज पेटण्याचे कारण नसते आणि बल्ब गेलेला असल्यास ते संकटाच्या वेळीच कळले असते. म्हणून त्याच्या तपासणीची सोय करणे हा या मानकाचा महत्त्वाचा भाग होता. अमेरिकेत पाठविण्यात येणाऱ्या एमजीबी या ब्रिटिश गाडीत त्यासाठी दाबून पाहण्याचा स्वतंत्र स्विच होता. पुढे किल्ली फिरविताच सर्व इशारादर्शक दिवे काही क्षण एकदम पेटविण्याची पद्धत रूढ झाली.

भारतातील स्थिती : स्वातंत्र्योत्तर काळात दीर्घकाळ भारतीय रस्त्यांवर मोजक्याच बनावटींच्या गाड्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या गाडीची भारतीय आवृत्ती तयार होई. तीच पुढे प्रीमिअर पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झाली. पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथील अँबॅसडर ही गाडी मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली होती व तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मूळ ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या ल्यूकस-टीव्हीएस या कंपनीमुळे वाहनांची विद्युत् सामग्री देशातच तयार होऊ लागली. या गाड्यांतील मंडले साधी असल्याने दोन तारा जोडलेला एक बल्ब एवढ्याच साधनावर त्यांतील दोष शोधता येत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. भारत सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी व मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने वारसा मूल्याची म्हणून वेगळी नोंदविता येतात. अशा वाहनांचे जतन करताना मूळचे दिवे व त्यांच्या तारांची जोडणी यांची माहितीही टिकविणे आवश्यक ठरते.

संगणकोत्तर काळ : जनरल मोटर्स कंपनीच्या १९८१ च्या अमेरिकी गाड्यांत एंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे आले व एंजिन तपासण्याची सूचना देणारा दिवा फलकावर बसविला गेला. हा दिवा एका भागाशी निगडित नसून अनेक संभाव्य दोषांसाठी सामाईक होता. गाडीतील तपासणी जोडणीची दोन अग्रे एकमेकांस जोडली असता तो ठरावीक क्रमाने लुकलुकून दोषाचा संकेतांक सांगत असे. त्यातील पहिला संकेतांक १२ हा होता. एक लुकलुक, अल्प विराम व पुन्हा दोन लुकलुकी अशा रीतीने तो दाखविला जाई. एंजिन बंद असताना मिळणारा हा संकेतांक दोषाचा नसून तपासणी यंत्रणा व तिचा दिवा काम करीत असल्याची खूण असे. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली आणि १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या प्रवासी गाड्यांत तिचे प्रमाणित स्वरूप आले. त्यामुळे दोष शोधण्याचे काम बल्ब व तार यांच्याकडून संकेतांक वाचणाऱ्या उपकरणाकडे गेले.

तथापि, मूळ प्रश्न तोच राहिला आहे. गाडी जुनी असो वा नवी, किल्ली फिरविल्यावर जे दिवे पेटले पाहिजेत ते सर्व पेटतात का आणि एंजिन सुरू झाल्यावर जे विझले पाहिजेत ते सर्व विझतात का, या दोन गोष्टी पाहण्यास काही सेकंद पुरतात. त्यांपैकी पहिली न पाहता केवळ दुसरीवर विसंबणे, हे जुन्या गाड्यांची एंजिने निकामी होण्याचे एक टाळता येण्याजोगे कारण होय.